शकूताईंचा डावा गाल

माणसाशी बोलताना शकूताई डोळ्यांत बघत नसत, गालाच्या हाडावर बघत. समोरच्याला वाटायचं, तोंडाला काही लागलंय. तो हात फिरवून बघायचा. मग त्या म्हणायच्या, "काय न्हाई लागलं. उनानं किती खाल्लंय ते बगतीया."

भोरात माझं मेडिकल आहे. त्याच्या मागच्या खोलीत शकूताईंचं पार्लर होतं. मधे प्लायवूडची भिंत, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं माझ्या काउंटरपर्यंत यायचं आणि माझं त्यांच्या आरशापर्यंत. मी मूळची कामथडीची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. फार्मसीचं प्रमाणपत्र दुकानात चौकटीत लावलंय; नियमानं लावावंच लागतं, पण नियम नसता तरी मी लावलं असतं. शकूताई सातवी शिकलेल्या. पहिल्याच दिवशी त्या चौकटीसमोर उभ्या राहिल्या, एकेक अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, "ब्येस. तुजा कागद भिंतीवर, माजा तोंडावर."

ते तोंड साठीला आलेलं. लांबट, गव्हाळ, कपाळावर आडव्या तीन रेघा, आणि हसल्या की डोळ्यांच्या कडेला सुरकुत्याच सुरकुत्या. पार्लरवालीचं तोंड असं कसं, हे नव्या गिऱ्हाइकाच्या मनात यायचंच. एका पोरीनं तर सरळ विचारलं, "काकू, तुमी स्वताला काय करत न्हाई व्हय?"

"करती की. केलं नसतं तर दारातनंच पळाली असतीस."

पण तोंडं वाचावीत ती त्यांनीच. एकदा एक ड्रायव्हर बायकोला घेऊन आला होता. बायको आत गेली, हा दारात उभा. शकूताईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. "दादा, तुमचा उजवा गाल डाव्याचा थोरला भाऊ वाटतोय." तो चमकला. खरंच, खिडकीकडची बाजू दहा वर्षं जास्त जगल्यासारखी दिसत होती. भातलावणीच्या बायांची हनुवटी त्या बोटानं वर करून बघायच्या. "तुमी डोक्यावर फडकं घेता, पर खाचरातल्या पाण्यात दुसरा सूर्य असतोय. त्यो खालनं भाजतोय." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं हनुवट्या बघून कळलं होतं.

सगळ्यांना त्या एकच सांगायच्या, ऊन टाळ. फेशियलला आलेल्या बाईलाही आधी विचारायच्या, "सनस्क्रीन लावतीस का?" नाही म्हटलं तर, "मंग फेशियल कशाला करतीस? गळक्या घागरीत पानी वततीस का?" गिऱ्हाईक परत जायचं ते माझ्या काउंटरवर यायचं. माझा धंदा त्यांनी बराच वाढवला, हे मान्य केलं पाहिजे.

आता डाव्या गालाचं सांगते. कुठलीही नवी क्रीम आली की शकूताई ती गिऱ्हाइकाला लावायच्या आधी स्वतःला लावायच्या, आणि तीही फक्त डाव्या गालाला. उजवा तसाच ठेवायचा, फरक कळायला. "डावा गाल परीक्षेचा, उजवा घरचा," असं म्हणायच्या. आठ दिवसांनी खुर्चीत बसलेल्या बाईपुढं तोंड नेऊन विचारायच्या, "सांग, कुठला चांगला?" कधी डावीकडं पुरळ उठायचं, कधी साल निघायची. एका लग्नात त्या अर्ध्या लाल तोंडानं पंगतीत बसल्या. एसटीचा कंडक्टर विचारायचा, "ताई, आज कुठल्या बाजूनं तिकीट देऊ?" त्या म्हणायच्या, "उजव्या. डावीला अजून पास मिळाला न्हाई."

मला हे फार आवडायचं. कॉलेजात शिकून आलेली मी, आणि ही सातवी पास बाई आपल्याच तोंडावर प्रयोग करतेय, अर्धं तोंड तुलनेला ठेवून. मी त्यांना तसं म्हटलंही होतं. त्याच कौतुकामुळे असेल, एके दिवशी मी जितकं ठामपणे बोलायला हवं होतं तितकं बोलले नाही.

माझं दुकान उघडून वर्षही झालं नव्हतं. वांगावर आणि काळ्या डागांवर चालणारी एक ट्यूब तेव्हा गावोगाव फिरत होती. तिच्यात स्टिरॉइड असतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती मी देत नव्हते. पण देणारे इतर होते. शकूताईंनी ती कुठूनशी आणली आणि डाव्या गालाला लावली. आठ दिवसांत तो गाल असा उजळला की त्या स्वतःच आरशासमोरून हलेनात.

"ताई, ह्यात स्टिरॉइड आहे. जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होते," मी म्हटलं.

"आठ दिस लावलंय म्या. काय झालं का?"

"आठ दिवसांत होत नाही हो."

"मंग तुजं पुस्तक म्हनतंय ते कवा व्हतं?"

गिऱ्हाईक आलं, मी वळले. तो विषय तिथंच राहिला. त्या महिन्यात पार्लरमधून त्या ट्यूबचं नाव कितीजणींच्या तोंडी गेलं, मला माहीत नाही. वासावरून म्हणा, अंदाजानं म्हणा, त्यांनी स्वतः ती पुढे लावली नाही. "लई लवकर गुन येतोय, मला भ्याव वाटतंय," एवढंच एकदा म्हणाल्या. पण ज्यांना नाव सांगितलं होतं त्यांना परत बोलावून हे सांगितलं नाही.

मग पुण्याच्या रस्त्याला एक नवीन क्लिनिक निघालं. तिथली एक मुलगी, छान इस्त्रीचा कोट घातलेली, पार्लरमध्ये आली. ती म्हणाली, तुमचंच रक्त काढून ते यंत्रात फिरवायचं, त्यातला पिवळसर भाग वेगळा करायचा आणि बारीक सुयांनी चेहऱ्यात सोडायचा. कातडी आतून नव्यानं तयार होते. शकूताईंना एकदा फुकट करून देऊ, पुढं त्यांनी गिऱ्हाईक पाठवावं.

शकूताईंनी नीट ऐकून घेतलं. "डाव्या गालाला करा."

"नाही मॅडम, पूर्ण चेहऱ्याला करतात."

"करत असतील. मला अर्द्यालाच करा. आन एकदा न्हाई, जितक्यांदा करायचं तितक्यांदा करा. अर्दवट बगून म्या कुनाला सांगू?"

तिथल्या डॉक्टरांना गंमत वाटली असावी, ते तयार झाले. तीन वेळा झालं, महिन्या-महिन्याच्या अंतरानं. एकदा मी सोबत होते. रक्ताची नळी यंत्रातून बाहेर आली, वर पिवळं, खाली लाल. शकूताई म्हणाल्या, "ताकावर निवळ येती तशी की गं."

उजव्या गालालाही या वेळी त्यांनी मोकळं सोडलं नाही. त्वचेच्या डॉक्टरकडून त्या चिठ्ठी घेऊन आल्या आणि माझ्याकडून रात्री लावायची साधी क्रीम नेली, अ जीवनसत्त्वाच्या जातीची, जी डॉक्टर लोक कित्येक वर्षांपासून देत आलेत. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, एक दिवसाआड. सनस्क्रीन दोन्हीकडं. सहा महिने त्यांनी हे चालवलं. पहिल्या महिन्यात उजवीकडं कोंड्यासारखी साल निघत होती, तरी सोडलं नाही.

सहा महिन्यांनी पार्लरमध्ये जणू निवडणूकच झाली. येईल ती बाई दोन्ही गाल निरखायची. कुणी डावा म्हणायचं, कुणी उजवा. भाजीवाल्या मावशी खूप वेळ बघून म्हणाल्या, "शकू, दोनी तुजंच दिसत्यात." शकूताईंचा स्वतःचा निकाल असा होता: डावीकडची कातडी हाताला जरा मऊ लागतेय, उजवीकडचे डाग आणि बारीक रेघा फिकट झाल्यात, आणि मोठ्या घड्या दोन्हीकडं होत्या तिथंच आहेत.

"एका बाईच्या एका तोंडावरून काही सिद्ध होत नाही," मी म्हटलं.

"सिद्द तू कर. मला गिऱ्हाइकाला खोटं सांगायचं न्हाई, येवडंच."

कोटवाली मुलगी परत आली तेव्हा त्यांनी तिलाही तेच ऐकवलं. "पाठवीन की बाया. पर सांगीन, थोडा फरक हाय, कुनाला पडंल कुनाला न्हाई. आन उनात तसंच हिंडायचं आसंल तर दोनीबी करू नगा." ती मुलगी हसून चहा पिऊन गेली. नंतर आली नाही.

ठकूबाई आल्या त्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात.

दुपारचे बारा वाजले असतील. एक बाई पदरानं सगळं तोंड झाकून माझ्या दुकानासमोरून मागं गेली. मग प्लायवूडपलीकडून शकूताईंचा आवाजच येईना. असं कधी होत नसे. मी आत डोकावले. खुर्चीत ठकूबाई बसल्या होत्या, पदर खांद्यावर. गाल शेंदरासारखे लाल, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरांचं जाळं दिसत होतं, हनुवटीवर पुरळ, आणि कानशिलापासून बारीक लव उगवलेली.

पासलीच्या वर डोंगरात एक धनगरवाडा आहे, तिथल्या त्या. तीन वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाआधी पार्लरमध्ये आल्या होत्या. विहिणीपुढं वांग दिसायला नको, एवढंच म्हणणं होतं. शकूताईंनी त्यांना ट्यूबचं नाव कागदावर लिहून दिलं होतं.

"तुमीच दिलेली दवा लावती, ताई," ठकूबाई म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. वैद्याला हकिकत सांगावी तसं. "लावली की बरं वाटतंय. सोडली की आग व्हती. म्हून सोडत न्हाई. पर आता उनात उबंच ऱ्हावत न्हाई. चुलीम्होरं बसवत न्हाई. अठरा शेळ्या हायत, दोन म्हैनं जालं दावणीलाच. लेक म्हनतो, इकून टाक, माज्यासंगं पुन्यात खोलीवर चल. तितं मी काय करू? भिताडाकडं बगत बसू?"

शकूताई खाली स्टुलावर बसल्या. "म्या किती दिस लाव म्हनलं व्हतं तुला?"

"त्ये काय सांगितलंच न्हाई तुमी."

शकूताईंनी विचारलं, "आनी कोन लावतंय?"

"समदीच. एकीची सरली की दुसरीकडनं बोटभर आनायची, इरजण आनतो तशी. रिकामी जाली की इळ्यानं चिरून पुसून घ्यायची. वाया कुनी घालवत न्हाई."

मी दारातच उभी होते. शकूताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पार्लरला कुलूप लावलं आणि ठकूबाईंना पुण्याला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरबाईंनी भिंग लावून पाहिलं, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, ट्यूब बंद करावी लागेल. बंद केली की आधी चेहरा आणखी भडकेल, काही आठवडे, कदाचित महिने. साधं मलम, सनस्क्रीन, सावली, आणि त्या स्वतः लिहून देतील ती औषधं, एवढ्यावर थांबायचं.

शकूताईंनी विचारलं, "ते रगताचं करता येनार न्हाई का, बाई? नवी कातडी येती म्हनं. हिला जे लागंल ते करू, माज्याकडनं."

"आत्ता नाही. ओल्या भिंतीला रंग देतात का? आधी ही कातडी शांत होऊ दे. आणि शांत झाल्यावर त्यांना ते हवंय का, हेही त्यांनाच विचारा."

ठकूबाई म्हणाल्या, "माजं रगत माज्या अंगात ऱ्हाऊ द्या. मला निस्तं शेळ्यांमागं जाता आलं म्हंजी जालं."

आठवडाभरात शकूताई धनगरवाड्यावर निघाल्या, मीही सोबत. नसरापूर, तिथून वेल्ह्याची एसटी, पुढं पासलीपर्यंत जीप आणि मग तासभर चढ. अंगणात दहा-बारा बाया जमल्या. शकूताईंनी प्रस्तावना केली नाही. "ती टूब म्या सांगितलेली. चूक माजी. आजपास्नं कुनी लावायची न्हाई, पर कुनी एकदम सोडून घरातबी बसायचं न्हाई, डाक्टरला दाखवायचं. म्या घिऊन जाईन."

ठकूबाईंची जाऊ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचं तोंड अजून छान उजळ होतं. लावायला लागून तिला थोडेच महिने झाले होते. "तवा तुमीच म्हनला लावा. आता तुमीच म्हनता फेका. आमी कुठलं खरं मानायचं?"

"आत्ताचं."

"का म्हून?"

"तवा म्या आठ दिस बगून बोलले. आता तीन वर्सं बगून बोलती." त्यांनी ठकूबाईंचा हात धरून पुढं आणलं. "बग हिच्याकडं. माज्याकडं नगं, हिच्याकडं."

जावेनं पाहिलं. बाकीच्यांनीही. ट्यूबा निघाल्या, काही चिरलेल्या, काही अर्ध्या, एक तर देवळीतल्या हळदीकुंकवाशेजारून. मी पिशवी धरून होते.

मग सुरू झाले बुधवार. दर बुधवारी पार्लर बंद ठेवून शकूताई डोंगरावर जायच्या. ऐन लग्नसराईतही. नवरीची आई दारावरची पाटी बघून परत जायची, पुढच्या गल्लीतल्या नव्या पार्लरमध्ये. मी म्हटलं, "ताई, औषधं मी पाठवते कुणाबरोबर तरी. तुम्ही जाऊन तिथं करता काय?"

"काय न्हाई. बसती."

ते खरंच होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं तसंच झालं होतं, ठकूबाईंचं तोंड आधी सुजलं, मग सालं निघाली, मग रात्रंदिवस आग. शकूताई गार पाण्यात पंचा भिजवून तोंडावर ठेवायच्या, गरम झाला की बदलायच्या. ठकूबाईंनी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं बुधवारांच्या रेघा ओढल्या होत्या.

सातव्या का आठव्या बुधवारी मी बरोबर होते. ठकूबाई घोंगडीवर बसून डोलत होत्या. अचानक म्हणाल्या, "ताई, एक डाव लावू द्या. एकच. आजच्याला झोप लागू द्या." आणि उशाखालून एक ट्यूब काढली. कुणीतरी ठेवली होती.

मी पुढं झाले. शकूताईंनी मला हातानं थांबवलं.

"लाव," त्या म्हणाल्या. "म्या काय तुजा हात धरनार न्हाई. माजं तोंड न्हाई त्यासाटी. पर त्या रेगा पुसून मंग लाव. म्होरला बुदवार पयला आसंल."

ठकूबाईंनी टोपण काढलं. बाहेर शेळ्या ओरडत होत्या, दुपारच्या पाल्यासाठी. त्या भिंतीकडे बघत बसल्या. पंचा दोनदा गरम झाला, शकूताईंनी दोनदा बदलला. मग त्यांनी टोपण परत लावलं आणि ट्यूब माझ्याकडे फेकली, जराशा रागानंच. "धर गं, शिकलेले. न्हे तिकडं."

उतरताना शकूताई एका दगडावर बसल्या. मला वाटलं दम लागला. त्या म्हणाल्या, "लावली असती तर म्या काय केलं असतं गं?" माझ्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

पावसाळा गेला, थंडी आली. वाड्यावरच्या इतर बाया लवकर सुधारल्या, जाऊ सगळ्यात आधी. ठकूबाईंना बराच वेळ लागला. दरम्यान भोरात शकूताईंची खुर्ची बहुतेक रिकामीच असायची. त्यांनी त्याबद्दल कधी सुस्कारा टाकलेला मी ऐकला नाही, आणि प्लायवूड किती पातळ होतं ते मी सांगितलंच आहे. त्यांची लेक इचलकरंजीला बोलवत होती. माघ सरता सरता त्यांनी पार्लर बंद करून तिकडं जायचं ठरवलं.

सामान हलवायच्या आधी एक बुधवार उरला होता. मी त्यांना स्कूटीवर पासलीपर्यंत नेलं, मग आम्ही चढलो. ठकूबाई दारातच उभ्या होत्या, अंगात लेकाचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, तोंडाला सनस्क्रीनचे पांढरे पट्टे नीट न पसरलेले. लाली गेली होती. सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी होत्या, आणि दोन्ही गालांवर वांग परत आला होता, पहिल्यापेक्षा थोडा गडदच.

"बगा ताई, आला की परत," त्या म्हणाल्या.

"त्यावर डाक्टरबाई सावकाश दवा देतील. घाई करू नगंस."

"मला कुटं घाई हाय? इहीनबी आता माज्यासारकीच दिसती." आणि दोघी हसल्या.

मग ठकूबाईंनी दावणीची दोरी सोडली. डॉक्टरबाईंनी त्या आठवड्यात पहिल्यांदाच परवानगी दिली होती, सकाळच्या उन्हात, अंग झाकून. अठरातल्या चार शेळ्या मधे विकाव्या लागल्या होत्या; चौदा बाहेर पडल्या आणि उघड्या माळाला लागल्या. मागून ठकूबाई, हातात काठी. त्या माळावर मधोमध एकच झाड आहे, हिरड्याचं. आदल्या वर्षी, शेळ्या दावणीला बांधायची वेळ येण्याआधी, त्या तिथवर जाऊन सावलीला बसायच्या आणि तिथूनच परत फिरायच्या. पुढचं ऊन सोसत नव्हतं.

मी घड्याळ पाहिलं. "ताई, निघू या. तुमचा टेम्पो येईल दुपारी."

"थांब गं."

त्या अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या, हाताची सावली डोळ्यांवर धरून. शेळ्या झाडापाशी पोचल्या, घुटमळल्या. ठकूबाईही थांबल्या. इतक्या लांबून तोंड दिसत नव्हतं, फक्त पांढरा शर्ट. शकूताईंचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट झाला. मग त्या शर्टानं काठी उचलली, एका शेळीला हाकललं, आणि झाड मागं टाकून उन्हात पुढं चालू लागला. चढ संपेपर्यंत दिसत होता. मग पलीकडं उतरला.

शकूताईंनी माझं मनगट सोडलं. तिथं त्यांच्या बोटांचे चार वळ उमटले होते.

"चल," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पुढं उतरायला लागल्या.